मिरजेला नेलेली बाटली

कोरेगाव,
२ डिसेंबर १९९६

प्रिय शंभूराज,

तुझं पत्र पोचलं. दादांचे तेराव्यापर्यंतचे दिवस नीट पार पडले. पूजानं एकटीनं सगळं निभावलं. रजेवर आलास की आधी मिरजेला जाऊन त्या डॉक्टरची कॉलर धरणार, असं लिहिलंयस. ते वाचलं आणि लगेच कागद घेऊन बसलो.

दोन वर्षांपूर्वी दादांची लघवी अडायला लागली, तेव्हा तूच त्यांना तिथं दाखवलंस. डॉक्टरांनी रुंद तोंडाची बाटली दिली; पहाटेची पहिली लघवी घरी धरून दुपारच्या आत आणून द्या, म्हणाले. ड्यूटीवर निघताना तू ती बाटली माझ्या हाती सोपवलीस, कारण बाप टाळाटाळ करणार हे तू ओळखून होतास. मी मात्र तुझ्या बापाचाच मित्र निघालो.

त्या पहाटे तुझा बाप हंबीर गोठ्यामागं तासभर बसला. लघवी होईना. तेवढ्यात पूजा अंगण झाडायला आली, आणि पासष्टची लढाई लढलेले सुभेदारसाहेब सुनेला दिसू नये म्हणून बाटली धोतरात लपवून उभे राहिले. मिरज पॅसेंजरची वेळ होत आलेली.

आता लिहितो ते कुणालाच ठाऊक नाही. साताऱ्याला भरतीच्या तपासणीत भीतीनं माझी लघवी अडली होती. तेव्हा हंबीरनं स्वतःबरोबर माझीही बाटली भरली, म्हणून मी फौजेत लागलो. त्या पहाटे त्यानं तीच आठवण काढली. म्हणाला, “नाथा, तवा म्या तुझी भरली, आता तू माझी भर. फिटंफाट.” आम्ही दोघं पोरांसारखे हसलो. बाटली भरून दिली की काम झालं, एवढंच आम्हाला फौजेत कळलेलं. मी उसाच्या कडेला जाऊन ती भरली. वर त्याचं नाव चिकटवलेलं होतंच.

रिपोर्ट स्वच्छ आला. लघवीत रक्त नाही, म्हणून वयानं वाढलेली प्रोस्टेटची गाठ समजून डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. मी घरी येऊन हे सांगितलं, तर हंबीर हळूच म्हणाला की महिन्यात दोनदा लघवी लाल झाली होती, उन्हाळी लागली असेल. शंभू, तेव्हा मी बोलायला हवं होतं. मिरज काही लांब नव्हतं. पण डॉक्टरांपुढं लबाडी कबूल करायची लाज वाटली, आणि मी त्याला सब्जा आणून दिला. यंदा कंबर धरली तोवर कॅन्सर हाडात पोचलेला. तुला सगळं सांगतो म्हटलं, तर त्यानं मानेनंच नको म्हटलं. माझी अब्रू राखून गेला.

मला ती ठेवायची नाही, म्हणून हे पत्र. डॉक्टरांचा रिपोर्ट खोटा नव्हता, तो माझा होता. मी अजून ठणठणीत आहे, आणि तेच सोसत नाही. तू मिरजेला जाऊ नकोस. आठ तारखेला तू गाडीतून उतरशील तेव्हा मी कोरेगाव स्टेशनावर उभा असेन. कधी घालत नाही तो कॉलरचा सदरा घालून येतो.

तुझाच,
नाथाकाका