आत बसलेला माणूस

१ फेब्रुवारी १९९४, मंगळवार

आज नारपोलीत केसरीनाथशेठच्या सुताच्या गोदामात रुजू झालो. पडघ्याहून सकाळची एसटी वेळेवर आली, खिडकी मिळाली. मी शकुनबिकुन मानत नाही, तरी बरं वाटलं. शेठ स्वतः दारापर्यंत आले आणि या साहेब म्हणाले. उमेदीची सगळी वर्षं लूमवर जॉबर म्हणून हातात पाना धरलेल्या माणसाला त्याच नारपोलीत ‘साहेब’ ऐकताना काय वाटतं, ते कॉलेजात कॉम्प्युटर शिकलेल्या पोरांना कळायचं नाही. कॉम्प्युटरची बेसिक भाषा मी शिकलो ती फुटपाथवरच्या पुस्तकातून. त्याची सुरुवातीची पानं फाटलेली होती. त्यांत काय असेल ते मी माझं मीच ठरवलं.

गोदाम लांबलचक, वर पत्रा, भिंतीला लागून सुताच्या गोण्या. एका कोपऱ्यात माझ्या सांगण्यावरून काचेची केबिन केली आहे. तिचं दार ऑफिसच्या बाजूला, आत एसी, एसीत यंत्र, म्हणजे कॉम्प्युटर. सुताच्या धुळीने यंत्र खराब होतं म्हणून पहिला नियम मी आजच लावला: ऑफिसात असो की गोदामात, चपला बाहेर. शेठनीही काढल्या. त्यांच्या आई गोदूबाई तेवढ्या हसल्या. म्हणाल्या, आमच्या देवघरात पण लोक एवढे सांभाळून येत नाहीत.

माझ्या बायकोला, द्रौपदीला आवडेल हा नियम. ती कुठेही गेली तरी चपला जोडीने, टोकं बाहेरच्या बाजूला करून ठेवते. म्हणते, निघताना शोधाशोध नको.

५ फेब्रुवारी, शनिवार

काम नीट लिहून ठेवतो. शेठकडे बाळाराम नावाचे म्हातारे आहेत, शेठच्या वडिलांच्या वेळेपासूनचे. सूत कधी घ्यावं, कधी विकावं, कधी नुसतं थांबावं हे तेच सांगतात, आणि त्यांचं चुकत नाही. आता धुळीने छाती गेली आहे, चार शब्दांनंतर धाप लागते. शेठना बाळारामांचं डोकं यंत्रात हवं आहे.

माझी पद्धत अशी. म्हाताऱ्यांना विचारायचं, ते बोलतील ते ‘असं असेल तर तसं करा’ या साच्यात बसवायचं. एकेक वाक्य म्हणजे एकेक नियम. रोज संध्याकाळी यंत्र प्रश्न विचारील, शेठ उत्तरं भरतील, यंत्र निकाल देईल: घ्या, विका किंवा थांबा. शिवाय मी एक ‘का?’ची कळ ठेवली आहे. ती दाबली की निकाल कोणत्या नियमाने आला आणि तो नियम कोणी सांगितला हे पडद्यावर येतं. शिकलेल्या माणसाचं नुसतं ‘मी म्हणतो म्हणून’ मी आयुष्यभर ऐकलं. माझं यंत्र तसं बोलणार नाही.

बाळाराम गावच्या बोलीत बोलतात, ‘ड’चा ‘र’ करतात, मी शुद्ध करून घालतो. आज मला म्हणाले, तू माज्या बोलन्याला इस्त्री मारतंस, घडी मोरली का तुझा कपरा तुझ्याच अंगाला यायचा न्हाय. खूप हसलो.

११ फेब्रुवारी, शुक्रवार

शुक्रवारी लूम बंद. इतकी शांतता की म्हाताऱ्यांची धापसुद्धा मोठी वाटते. आज त्यांनी ‘आत बसणं’ समजावलं. मोठा सौदा धरला, म्हणजे माल भरून ठेवला, की ज्याला विकायचा भाव ठाऊक असेल त्याने गोदामात बसायचं, बाहेरून कुलूप. कारण तो चहाला बाहेर पडला की दलाल त्याचा चेहरा वाचतात. जेवणखाण दारातल्या झडपेतून. माल विकून सौदा झाला की गोदूबाई दारात नारळ फोडतात आणि बसलेल्याला नवं धोतर. बाळाराम कितीदा तरी बसले आहेत, अभिमानाने सांगतात. मी नियम घातला: भाव जाणणारा माणूस सौदा होईपर्यंत आत.

मग ते म्हणाले, आतला मानूस सोरा म्हनला का सोराचा. म्हणजे धरलेला माल कधी सोडायचा हे आत बसणारा ठरवतो. त्याने ‘सोडा’ म्हटलं की शेठ विकतात. हा नियम मी घातला नाही. आता कधी विकायचं ते यंत्र सांगणार, आणि माणसाची मर्जी काही साच्यात बसत नाही. तो रिवाज आहे, नियम नव्हे. म्हाताऱ्यांनी दोनदा सांगितलं, मी दोनदा मान डोलावली.

१६ फेब्रुवारी, बुधवार

शेठना यंत्राची चुणूक दाखवायची होती. नमुना म्हणून माझीच माहिती भरली. नाव वाल्मीक. भाव कळला तर कोणाला सांगतो? द्रौपदीला. काय काय सांगतो? सगळं. पडद्यावर निकाल आला, की वाल्मीकला ठाऊक ते द्रौपदीला ठाऊक. शेठ पोट धरून हसले, साहेब, यंत्राने तुमचं घर ओळखलं म्हणाले. खरंच आहे ते. बालवाडीतून थकून आली तरी ती माझं सगळं ऐकून घेते; कळत नाही तिथे नुसती ‘बरं’ म्हणते.

६ मार्च, रविवार

बाळाराम पहाटे गेले. परवाच यंत्राने ‘घ्या’ म्हटलं होतं आणि भाव चढला. ते त्यांना कळलं होतं, एवढंच समाधान. गोदूबाई खूप रडल्या. मग केबिनपाशी येऊन काचेतून बघत उभ्या राहिल्या. म्हणाल्या, हितं तरी हाय.

१८ मार्च, शुक्रवार

यंत्राने ‘विका’ म्हटलं त्या दिवशी शेठनी विकलं, आणि नंतर भाव पडला. नारपोलीतले जुने व्यापारी केबिन बघायला येतात, चपला काढून. शेठ आता पुतण्याच्या लग्नाची तारीखसुद्धा यंत्राला विचारू म्हणतात. मी म्हटलं, त्याचे नियम नाहीत त्यात. ते म्हणाले, तुम्ही विचारून तर बघा.

२९ मार्च, मंगळवार

मोठा सौदा धरला आहे, गोदाम पत्र्यापर्यंत भरलं. भाव शेठना ठाऊक आणि मला. शेठ बाजारात दिसलेच पाहिजेत, म्हणून आत मी बसलो. मान आहे हा. आमच्यातल्या माणसाला या घराने कधी आत बसवलं नव्हतं. गोदूबाईंनी चटई दिली, माठ भरला. झडपेतून तांदळाची भाकरी आणि बोंबील. मागे मोरी आहे, उंचावर जाळीची खिडकी आहे. काचेतून यंत्राचा पडदा दिसतो, संध्याकाळी शेठ आकडे भरतात तेही दिसतं. दोनचार दिवसांचा प्रश्न, द्रौपदीला तसा निरोप दिला आहे. चौदा एप्रिलच्या जयंतीला पडघ्यात स्टेज मी बांधणार आहे, दिव्यांच्या माळा माझ्याशिवाय कोणाला जमत नाहीत.

१ एप्रिल, शुक्रवार

निकाल: थांबा. उकाडा फार. केबिनच्या काचेला गाल लावला की तेवढाच गारवा. यंत्राला एसी आणि ते बनवणाऱ्याला पत्रा, असा विनोद शेठना सांगितला. हसले.

लूम बंद म्हणून रस्ता ऐकू येत होता. कंटाळा आला, गोण्यांवर चढून खिडकीतून एका लूमवाल्याला हाक मारली. म्हटलं, भाई, शेठ को बोलो अब बस हुआ, मुझे बाहर निकालो. तो वर बघून खूश झाला. साथीदाराला ओरडून म्हणाला, अरे चाचा अंदर बैठे हैं, अब तो भाव चढ़ेगा! दोघं नाक्याकडे धावले.

२ एप्रिल, शनिवार

भाव चढला. माझ्या ओरडण्याने चढला! आत कोणी बसलंय म्हणजे शेठ माल धरून आहेत, हे बाजारभर झालं. शेठ झडपेशी येऊन माझे आभार मानून गेले.

४ एप्रिल, सोमवार

थांबा. शेठना स्पष्ट सांगितलं, आता विका आणि मला सोडा. त्यांनी मान डोलावली आणि केबिनमध्ये जाऊन ते यंत्रात भरलं. प्रश्न मला काचेतून दिसला: विका म्हणणारा घाईला आला आहे का? शेठनी ‘हो’ केलं. थांबा. मी काचेवर थापा मारून ‘का?’ दाबायला लावलं. नियम माझ्याच शब्दांत: विका म्हणणारा घाईला आला तर थांबा. बाळाराम म्हणाले.

पण ते दलालांविषयी होतं! ‘विका’ म्हणत मागे लागणाऱ्या दलालांविषयी. मी ‘दलाल’ हा शब्द घातला नाही. साचा सुटसुटीत व्हावा म्हणून.

शेठ झडपेशी आल्यावर म्हटलं, केबिनमध्ये येऊ द्या, एक शब्द बदलायचा आहे. ते म्हणाले, सौदा उघडा असताना भाव जाणणाऱ्याने बाहेर यायचं नाही, साहेब, तुमचाच नियम. आणि खरंच हात जोडले. माझी चेष्टा करत नाहीत ते. तेही घाबरले आहेत. यंत्राविरुद्ध गेलो आणि बुडालो तर, म्हणतात.

७ एप्रिल, गुरुवार

युक्ती केली. शांत बसलो, हसलो, जेवण संपवलं, शेठना म्हटलं घाई नाही. घाईच्या प्रश्नाला त्यांनी ‘नाही’ भरलं. मग पडद्यावर दुसरा प्रश्न आला. हा मी लिहिलेला नाही.

आतला मानूस गप बसलाय का?

शेठनी ‘हो’ केलं. थांबा. का? — गप बसलाय त्याला कायतरी ठावं हाय. सोराचा न्हाय. बाळाराम म्हणाले.

मी ‘न्हाय’ कुठेही घातलेलं नाही. एकाही ठिकाणी नाही. सगळं शुद्ध करून घातलं होतं.

१० एप्रिल, रविवार

शेठना सांगितलं की हा नियम माझा नाही. ते म्हणाले, तुमचा कसा असेल, खाली नाव लिहिलंय की बाळारामांचं.

गोदूबाई केबिनमध्ये चपला काढून गेल्या. पडद्यापुढे तंबाखूची चिमूट ठेवली, चुना ठेवला. काहीतरी बोलत होत्या. काचेमुळे ऐकू आलं नाही. उत्तराची वाट बघावी तशा थांबल्या. मग मान डोलावून माझ्याकडे बघितलं.

मेन स्विच ऑफिसात आहे. काचेवर गोणी आपटली. तडासुद्धा नाही. जाड काच मीच मागितली होती.

१२ एप्रिल, मंगळवार

झडपेतून गोदूबाईंचा हात धरला. म्हटलं, आई, बाळाराम ‘सोडा’ म्हणाले की तुम्ही सोडत होता ना, मग मी म्हणतो, सोडा. त्या हात न सोडवता हळूच म्हणाल्या, हो रं पोरा, तो रिवाज व्हता. तू घातला न्हायस त्यात.

१४ एप्रिल, गुरुवार

दुपारी मिरवणुकीचे ताशे ऐकू आले. पडघ्यात स्टेज कोणी बांधलं असेल. ओरडलो नाही. ओरडलं की भाव चढतो.

द्रौपदी आज वाट बघून बघून — ती गप्प बसणार नाही. ती येईल. मला सोडवील. ती कोणाला भीत नाही.

संध्याकाळी शेठ केबिनमध्ये. पडदा —

आतल्याला ठावं ते आनखी कोनाला ठावं हाय?

शेठ विचार करत बसले. त्यांनी काहीच भरलं नाही. यंत्राने स्वतःच भरलं.

द्रौपदीला. सगळं.

निकाल: आत घ्या.

शेठनी माझ्याकडे बघितलं आणि स्वतःहूनच ‘का?’ दाबलं.

वाल्मीक म्हणाला.

नमुना होता तो. शेठ, नमुना होता, तुम्हीच हसला होतात. मी तिला या भावाबद्दल काही सांगितलेलं नाही, आत बसल्यापासून ती मला दिसलेली नाही — हे ओरडून सांगतो आहे आणि शेठ भरतायत — घाईला आला आहे का — हो —

१५ एप्रिल, शुक्रवार, सकाळ

लूम बंद. सगळं ऐकू येतं. जीप गेली. पडघ्याला. तिला सांगणार की मला ताप आहे. ती लगेच निघेल.

गोदूबाईंनी झडपेतून आणखी एक चटई सरकवली. नवं लुगडं, घडी न मोडलेलं. चांगल्या मनाने. डोळ्यांत पाणी होतं.

चटई परत ढकलली. पुन्हा आली.

दुपार

ओरडलो तर शेठ दार उघडण्याआधीच तिला ‘काही नाही, तापात बडबडतोय’ म्हणतील, आणि ती जास्तच धावत येईल. ती अशीच आहे. म्हणून इथेच मोठ्या अक्षरांत लिहितो. दार उघडलं की पान तिच्यासमोर धरीन. ती वाचील. बालवाडीत रोज वाचते.

जीप आली. दार आपटलं. तिचा आवाज — कुठे आहेत ते, जेवलेत का. गोदूबाई म्हणतात, आत हाय, ये माय.

कुलूप काढतायत.

काचेपलीकडे यंत्राचा पडदा आपोआप उजळलाय. शेठ तर बाहेर आहेत. प्रश्न —

नाही वाचत. वाचणार नाही.

बांगड्या. ती थांबली. उंबऱ्यापाशी वाकली. जोडी करत असेल, टोकं बाहेर —

द्रौपदी चपला काढू नकोस तशीच माघारी फिर पाऊल आत टाकू न