कोळंबीला बदल सोसत नाही

वाघोली,
रविवार (इथे सगळे वार सारखेच, पण आज मुलगा घरी दिसतोय)

प्रिय रंगराव यांस,

मन्सूरचा सलाम आणि नमस्कार दोन्ही. तुमच्या काउंटरवर जे खपेल ते ठेवून घ्या.

तुमची तब्येत, द्वारकावहिनींचे गुडघे आणि दुकानासमोरच्या गटाराचं ते मोडकं झाकण, सगळं जिथल्या तिथे आहे असं धरून चालतो. मी मजेत आहे. मजेत नसायला इथे वावच ठेवलेला नाही. खरं तर फोनच करणार होतो, पण फोनवर तुम्ही एका कानाने गिऱ्हाईक ऐकता, दुसऱ्याने मला, आणि शेवटी ‘बरं बरं’ म्हणून दोघांनाही वाटेला लावता. म्हणून पत्र. माझी सून मिसबा उद्या ऑफिसला जाताना पोस्टात टाकणार आहे. मुलगी गुणी आहे, मनाची मोठी आहे (हे मुद्दाम पहिल्याच पानावर लिहून ठेवलं). बुधवार पेठेची आठवण येते का, असं तुम्ही मागे विचारलं होतंत. नाही येत. इतकी वर्षं तुमचं स्पेअर पार्टचं आणि माझं मोटार वाइंडिंगचं दुकान एका फळीच्या आडोशाने चाललं, दिवसभर तुमची कटकट ऐकली, ती आता ऐकू येत नाही याचं सुखच आहे.

सकीना गेली, घरात मी एकटा उरलो आणि एजाज मला इकडे बोलवायला लागला, तेव्हा ‘मुलगा एवढं म्हणतोय, जा की, नशीबवान आहात’ हे कोण म्हणालं होतं? तर त्या नशिबाची हकिगत आता ऐकून घ्या. एजाजने हॉलमध्ये काचेची एक छोटी टाकी ठेवली आहे. येणारे जाणारे तिला फिश टँक म्हणतात, पण आत मासा एकही नाही. आत झाडं आहेत, लाकडाचा एक ओंडका आहे, शेवाळ आहे (आपल्या मोरीत होतं ते घासून काढायचं, हे विकत आणायचं), आणि त्यात तांबड्या रंगाची, नखाएवढी कोळंबी आहे. वहिनींना सांगा, तेल तापवू नका, सगळी मिळून एका घासाची नाही. पण थाट विचारू नका. आमच्या सोसायटीत पाणी टँकरचं. माणसांनी त्याने अंघोळ करायची आणि डोक्यावर पांढरी पूड घेऊन हिंडायचं. कोळंबीला मात्र मशीनमधून गाळलेलं पाणी, त्यात वेगळे क्षार मोजून. तिला डासांचं औषध चालत नाही, म्हणून घरात ते लावायचं नाही. डास मला चावतात, कारण ती पाण्यात आहे. तिला पालकाचं पान उकडून, निववून देतात. मलाही पालकच देतात, पण माझ्या वेळी निववायला कोणी थांबत नाही.

सुरुवातीला एकदा तळाशी एक मेलेली दिसली. मी एजाजला ऑफिसात फोन करून दुःखद बातमी कळवली, तर तो मीटिंगमधून हसला. ती मेली नव्हती, कात टाकून झाडामागे बसली होती. नवं कवच घट्ट होईपर्यंत ती अशीच लपून राहते म्हणे, तेव्हा तिला कोणी छेडायचं नसतं. मी म्हटलं, चांगली सोय आहे. त्यावर तो म्हणाला, “अब्बा, आप आराम करो.” या घरात मला सगळ्या प्रश्नांना हेच एक उत्तर मिळतं. मी गॅसचं बटण बघायला गेलो तरी आराम करो, पंखा आवाज करतोय म्हटलं तरी आराम करो. पंखा अजून आवाज करतोय.

मग एक दिवस कानावर आलं की शेवाळ ओंडक्यावर बसत नाही, सारखं सुटून वर तरंगतं. एजाज दोऱ्याने बांधायचा, ते पुन्हा सुटायचं. दोघं कामावर गेल्यावर मी माझा पत्र्याचा डबा काढला. त्यात दुकानातली उरलेली तार होती. रंगराव, फार दिवसांनी हाताला तार लागली आणि हात आपोआप चालायला लागले. पाण्यात घाण जायला नको म्हणून तारेवरचा इनॅमलचा लेप ब्लेडने स्वच्छ खरवडला, आणि शेवाळावरून असे वळसे घातले की एक वळसा दुसऱ्यावर चढला नाही. संध्याकाळी एजाज बघतच राहिला. “अब्बा, एक नंबर!” म्हणाला, फोटो काढला, त्यांच्या कोळंबीवाल्यांच्या ग्रुपवर टाकला. त्या रात्री मी दोन चपात्या जास्त खाल्ल्या.

पुढे कोळंबी मरायला लागली. आधी सुस्त झाली, मग एकेक करून आडवी पडली. एजाजने पाणी तपासलं, टँकरवाल्याला शिव्या घातल्या, माझ्या अत्तराचा वास घेतला. शेवटी ग्रुपवरच्या कोणीतरी तोच फोटो मोठा करून पाहिला आणि विचारलं, ही तार तांब्याची आहे का? तांबं कोळंबीला विष आहे, रंगराव. इनॅमल असतं तर कदाचित वाचलीही असती. ते मी खरवडलं. ज्या तारेवर मी आयुष्य काढलं, मुलाचं इंजिनिअरिंग केलं, तीच. एजाज रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने चिमट्याने तार काढली, कागदात गुंडाळून माझ्या हातात दिली आणि हळूच म्हणाला, “कोई बात नहीं अब्बा, आप आराम करो.” मला फार वाईट वाटलं. अजून वाटतं.

काल नवी कोळंबी आली, प्लॅस्टिकच्या पिशवीत. मला वाटलं, आता पिशवी फोडून टाकीत ओततील. छे! एजाजने तिला एका भांड्यात ठेवलं, टाकीतून सलाइनची बारीक नळी सोडली, आणि टाकीचं पाणी तिच्या पाण्यात थेंब थेंब पडू दिलं. सगळी दुपार तो नळीची चावी धरून बसला. मी विचारलं, एवढं कशाला? म्हणाला, जुन्या पाण्यातून एकदम नव्या पाण्यात टाकलं तर धसका घेऊन मरते. मला आणलं तेव्हा सकाळी शटर ओढलं होतं आणि दुपारी मी या बाल्कनीत उभा होतो. टेम्पोची दोरी तर तुम्हीच बांधली होतीत, आणि चांगली घट्ट बांधली होतीत.

असो. काळजी नसावी. वहिनींना सलाम.

तुमचा,
मन्सूर

ता. क. मिसबाबद्दल वर लिहिलं आहे ते खरंच आहे. पाकीट चिकटवल्यावरही बदलणार नाही.

ता. क. दुसरा. तुमच्या दुकानाच्या कोपऱ्यात माझं लाकडी स्टूल ठेवून आलो होतो. त्यावर तुम्ही रिकामी खोकी रचली असणारच. तेवढी उचला. एखाद्याचा जळका मिक्सर आला तर परत पाठवू नका.

ता. क. तिसरा. लगेच रोज येणार नाही. पहिल्या दिवशी नुसता येऊन बसेन. काम देऊ नका, चहा अर्धाच मागवा, आणि अख्ख्या गल्लीने एकदम ‘काय मन्सूरभाई’ म्हणत गोळा व्हायचं नाही, हे सगळ्यांना बजावून ठेवा. मग हळूहळू वाढवू. सगळं एकदम परत मिळालं तर मला सोसायचं नाही.