कुजबुजत मागितलेली संमती

ती. मामांस,

साष्टांग नमस्कार. आपल्यासारख्या नामांकित वकिलाला मी आपण होऊन पत्र लिहावे, हे धाडसच आहे. त्याबद्दल आरंभीच क्षमा मागते. (समोर उभे राहून बोलायची वेळ आली असती, तर पाणी आणायच्या निमित्ताने मी स्वयंपाकघरात गेले असते आणि तिथेच राहिले असते, हे आपण जाणताच.) आपला गुडघा आता कसा आहे? मामींनी जिना चढायला बंदी केली असूनही आपण गच्चीवर जाता, असे आईकडून कळले. आईला कोणी सांगितले, ते विचारू नये.

इकडे मी खुशाल आहे. कारखान्याच्या आरोग्य विभागात कामगारांच्या तपासणीच्या फाइली सांभाळण्याचे काम मला मिळाले तेव्हा घरात सर्वांना हायसे वाटले, कारण फाइली उलट बोलत नाहीत. मलाही तसेच वाटत होते. परंतु गेल्या आठवड्यात विमा कंपनीच्या एका वकीलसाहेबांचे पत्र आले. आमच्या प्रेसखात्यातल्या एका काकांनी, यंत्रांच्या आवाजाने कान गेले म्हणून भरपाईचा दावा लावला आहे (हे गोपनीय नव्हे, दाव्यातच लिहिलेले आहे), तर त्यांची कामावर लागल्यापासूनची संपूर्ण आरोग्य-फाइल तत्काळ पाठवावी, असा त्यातील मजकूर. पत्र अत्यंत भारदस्त होते. कागद जाड, शिक्का लाल, आणि पहिले वाक्य इतके लांब की क्रियापदापर्यंत पोहोचेस्तोवर आमच्या मॅनेजरांचा धीर सुटला. कोर्टाचा हुकूमच समजून त्यांनी ते दोन्ही हातांनी धरले होते. "अहो, देऊन टाका ना बाई. वकिलाच्या नादी कोण लागणार?"

मी डॉक्टरीणबाईंना विचारले. त्या म्हणाल्या, वकिलाचे पत्र ही विनंती; हुकूम न्यायाधीश देतात. हुकूम नसेल तर काकांची लेखी संमती हवी, आणि तीही कोणत्या कागदांपुरती, ते काकांनीच ठरवायचे. "त्या फाइलीत कानाखेरीज अख्खा माणूस आहे," एवढे बोलून त्यांनी कपाटाची किल्ली माझ्या हातावर ठेवली. खरेच आहे, मामा. माणूस घरच्यांना सांगत नाही ते डॉक्टरांना सांगतो, ते पुढे जाणार नाही या भरवशावर. तो भरवसा माझ्या कपाटात कुलूपबंद आहे, आणि वकीलसाहेबांना मात्र त्यातून काकांच्या बहिरेपणाचे दुसरे एखादे कारण हुडकायचे असावे.

तेव्हा मी काकांना बोलावून घेतले. विषय गोपनीय, म्हणून दार लावले, खिडकी ओढली, खुर्ची जवळ घेतली आणि अगदी हळू आवाजात सर्व समजावून सांगितले. काका प्रेमळपणे माझ्याकडे पाहत राहिले. मी आणखी हळू बोलले. (ज्या माणसाचे कान गेले म्हणून हा सारा खटाटोप, त्याच्याशी कुजबुजणारी मुलगी शाळेत पहिली येत असे, हे कृपया कोणाला सांगू नये.) शेवटी मी सगळे कागदावर लिहून दिले. काकांनी चष्मा लावून वाचले, मान डोलावली आणि प्रेसखात्यात जन्म घालवलेल्या माणसाच्या आवाजात उत्तर दिले, "कानाचं सगळं दे गं पोरी. पण ते दुसरं देऊ नको. ते घरीसुद्धा ठाऊक नाही." इथपर्यंत ठीक होते. परंतु मी चुकून भलतेच कागद अडवून ठेवू नयेत म्हणून, ते दुसरे म्हणजे काय, हेही त्यांनी तपशीलवार सांगितले. बाहेर रक्ततपासणीची रांग उभी होती.

ते काय होते, हे मी लिहिणार नाही. मी दार उघडले. रांगेतला एक जण भिंतीवरचा आहारतक्ता मन लावून वाचत होता, दुसरा बुटाची नाडी बांधत होता (पायात चपला होत्या). आमचा शिपाई पुढे येऊन म्हणाला, "ताई, काका काही बोलले का? आम्हाला तर काहीच ऐकू आलं नाही." रांगेने माना हलवल्या. मागून कोणीतरी पुस्ती जोडली, "आमचेही कान गेले वाटतं. आता आम्ही पण दावा लावतो." काका मात्र शांतपणे सही करून मला विचारत होते, "हळूच बोललो ना मी?"

मी हो म्हटले.

कान-तपासणीचे सर्व अहवाल, काकांच्या सहीसह, वकीलसाहेबांकडे धाडले आहेत. बाकीची फाइल कपाटात आहे. मॅनेजर माझ्याशी बोलत नाहीत, याचा एरवी मला आनंदच झाला असता. आपणांस एवढेच विचारायचे आहे : नकार मिळाला की असे वकीलसाहेब फार दुखावतात का? मामींना नमस्कार.

आपली आज्ञाधारक,
भाची

ता. क. – वकीलसाहेबांच्या पत्राखालची सही मी लगेच ओळखली. दहावीच्या निकालानंतर आपण मला दिलेल्या शब्दकोशाच्या पहिल्या पानावर तीच आहे.

आणखी ता. क. – "माझी भाची तिथेच आहे, फाइल चुटकीसरशी येईल," असे आपण आपल्या कारकुनांना म्हणालात, हे आईने मोठ्या अभिमानाने कळवले. आपला विश्वास शिरोधार्य आहे. फाइल मात्र मिळणार नाही. उरलेल्या कागदांची मागणी आपण स्वतःच मागे घ्यावी, ही नम्र विनंती.

शेवटचा ता. क. – हे पत्र भाचीचे आहे. आरोग्य विभागाचा नकार वेगळ्या पाकिटातून येत आहे. त्याची भाषा इतकी गोड नाही, आणि तो आपल्याला आधी मिळेल. मधला वेळ मला धीर गोळा करायला लागला.

नकार रवाना : सोमवार, १३ ऑक्टोबर, दुपारी साडेतीन वाजता.
हे पत्र रवाना : मंगळवार, १४ ऑक्टोबर, सायंकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी.