नऊ जुन्या मशिनी आणि एक गाळलेली ओळ

६ एप्रिल, सोमवार
परीक्षा कार्यालयाचं पत्र आलं. या सत्रापासून टायपिंग परीक्षेचं सॉफ्टवेअर फक्त विंडोज अकरावर चालणार. वीस तारखेला केंद्राची तपासणी, सत्तावीसला परीक्षा. अकरा नसेल तर केंद्र रद्द. आपल्या क्लासात बारा मशिनी, बाराही विंडोज दहावर, आणि त्यातली सगळ्यात तरुण मशीन दहा वर्षांची. पत्राच्या शेवटी 'सहकार्याची अपेक्षा'. घ्या सहकार्य.

सातच्या बॅचला वैशाली नेहमीसारखी पाच मिनिटं आधी. बडनेऱ्याहून येते. नवरा गेल्यावर अनुकंपावर क्लार्क म्हणून लागली, पण अट अशी की दोन वर्षांत मराठी टायपिंगचं, मिनिटाला तीस शब्दांचं, सर्टिफिकेट आणा, नाहीतर नोकरी गेली. मुदत ३१ मे. दोनदा नापास झाली आहे. म्हणजे आता ही एकच परीक्षा. तिच्या करंगळीत जोर नाही, बाकी हात चांगला आहे. पत्राचं तिला बोललो नाही.

८ एप्रिल, बुधवार
एक नंबरच्या मशीनवर अकरा टाकून पाहिलं. बराच वेळ गोल गोल फिरलं आणि मग स्वच्छ उत्तर : हा संगणक पात्र नाही. प्रोसेसर जुना, आणि सुरक्षेची कुठलीशी चिप पाहिजे, ती नाही. दोन नंबर, तेच. तीन नंबर, तेच. अरे, काल संध्याकाळपर्यंत या मशिनी उतारे टाईप करत होत्या. एकीलाही साधा ताप नाही. वय झालं म्हणून घरी बसा. (मलाही सत्तावन्न पूर्ण.)

नव्या घेणं आवाक्याबाहेर, तो विषय संपला.

जेवताना पुष्पा म्हणाली, "केंद्र दुसऱ्यायले देऊन टाका. बायकोचं कदी आयका." पण हॉलतिकिटं निघाली आहेत. नऊ जण, सगळे याच केंद्राचे. जेवण गेलं नाही.

१० एप्रिल, शुक्रवार
अकोल्याला भास्करला फोन केला. एके काळी आम्ही दोघं टाईपरायटर दुरुस्त करत फिरायचो. तो वेळेवर कॉम्प्युटरकडे वळला, आता जुनी कॉम्प्युटरं नीट करून विकतो. मी वळलो नाही, मला ढकललं.

"बसते ना बे जुन्यावर अकरा," म्हणाला. "कंपनी नाही म्हनते, मशीन कुठं नाही म्हनते? उद्या घेऊन ये एखादी."

११ एप्रिल, शनिवार, अकोला
एक नंबरची मशीन चादरीत गुंडाळून एसटीने नेली. ऊन असं की मांडीवर मशीन नाही, तवा. शेजारच्या बाईने विचारलं, देव आहे का जी? हो म्हणालो.

भास्करने पेनड्राइव्ह असा बनवला की पात्रता तपासायची पायरीच गळून जाते. तो सांगत गेला, मी एका जुन्या उताऱ्याच्या पाठीवर पेनाने उतरवत गेलो. दुपारी चारला पडद्यावर अकरा उभं राहिलं. मला रडू आलं. भास्करसमोर, दुकानात गिऱ्हाईक असताना.

"हे अधिकृत नाही, ध्यानात ठेव," तो म्हणाला. "आन एकेक करत बसला त मे लागन. एक मशीन नीट तयार कर, तिचीच नक्कल बाकीच्यायवर उतरव."

१४ एप्रिल, मंगळवार
क्लासला सुट्टी. तरी सातला वैशाली दारात, पांढरी साडी नेसून. "मिरवणुकीले टाइम आहे सर. तासभर बसू द्या."

गती तेहतीस. चुका तीन. पहिल्यांदाच तिशी ओलांडली, तीही लागोपाठ दोन उताऱ्यांत. मी घड्याळ परत पाहिलं. तिला म्हणालो, वैशाली, हे झालं हं. ती म्हणाली, "ऑफिसात मॅडम रोज इचारते सर, कधी आनता मनून. पोरगी चौथीत आहे माही. मले नापास होता येत नाही आता."

ती गेल्यावर भास्करच्या पायऱ्या त्या चुरगळलेल्या कागदावरून टाईप केल्या. एकूण अकरा ओळी, समास सोडून, ठळक शीर्षक देऊन. लॅमिनेट करून भिंतीला लावल्या. अशा कामात मला समाधान वाटतं, काय करू.

१७ एप्रिल, शुक्रवार
तीन दिवस नकला उतरवतोय. भिंतीवरचा कागद पाहायचा, एकेक पायरी करायची. नऊ मशिनींवर अकरा बसलं. तीन सगळ्यात म्हाताऱ्या ऐकत नाहीत, उजळतात आणि काळ्या पडतात, उजळतात आणि काळ्या पडतात. भास्कर म्हणतो त्यांचा नाद सोड. उमेदवार नऊ, मशिनी नऊ. सोडला नाद. प्रत्येकीला वेगळं नाव दिलं, म-१ ते म-९.

मशिनींच्या पंख्यांतून किती कापसाची धूळ निघाली! इथे गादी भरता आली असती.

२० एप्रिल, सोमवार
तपासणी झाली. पर्यवेक्षक आले, घाम पुसला, एकेका मशीनसमोर बसले. नमुना पेपर उघडायचा, दोन ओळी टाईप करायच्या, बंद करायचा, पुढच्या मशीनवर. नऊच्या नऊ पास. मी मागे उभा राहून मनात काय काय म्हणत होतो ते लिहिण्यासारखं नाही.

मग हमीपत्र. 'केंद्रातील सर्व संगणक उत्पादकाच्या अधिकृत निकषांत बसतात.' पेन थांबला.

"काय झालं सर?" पर्यवेक्षक म्हणाले.

"काही नाही. रिफिल."

सही केली. केंद्रप्रमुख म्हणून, शिक्क्यासह.

वैशालीला सांगितलं की आपलं केंद्र पक्कं. "मले वाटलंच होतं, सर करतेतच मनून." पेढे आणते म्हणाली. पास झाल्यावर आण, म्हटलं.

२७ एप्रिल, सोमवार
कसं लिहू.

सकाळी अकरा वाजता सगळ्यांनी एकत्र सुरुवात केली. गती उतारा. नऊ कीबोर्डांचा आवाज, मी दारात. वैशालीचा हात मी आवाजावरून ओळखतो, ती सुरेख चालली होती, एका लयीत. तिसरं मिनिट होत आलं आणि पाच नंबरवरची मुलगी म्हणाली, सर? तिच्या पडद्यावर 'आपला पेपर जमा झाला आहे'. मग दोन नंबर. मग आठ. एकामागून एक. वैशालीचा पाचवा की सहावा. तिची बोटं तशीच कळांवर, पडदा पांढरा.

मिनिटभरात आठ पेपर गेले. शेवटच्या मशीनवरची एक मुलगी तेवढी पूर्ण करू शकली.

पर्यवेक्षकांनी मदत केंद्राला फोन लावला. तिकडून सांगितलं, आमच्याकडे तर उमेदवारांनी स्वतः जमा केल्याचं दिसतं. अहवालात तेच लिहिलं गेलं : 'उमेदवारांनी मुदतीपूर्वी पेपर जमा केले. यंत्रात दोष आढळला नाही.' खाली सहीची जागा. मशिनींकडे कोणी नीट पाहू नये एवढंच डोक्यात होतं. सही केली.

वैशाली जिन्यात उभी होती. मी मागच्या दाराने गेलो.

२८ एप्रिल, मंगळवार
सातला आली. डोळे सुजलेले.

"सर, माह्या बोटानंच काही दबलं असन. माही करंगळी घसरते, तुमी किती वेळा सांगतलं. इतकं केलं तुमी आन् मी..."

तिने हात जोडले. मला.

आठ पडदे एकाच मिनिटात गेले, आठ जणांची करंगळी कशी घसरेल, हे तिला सुचत नाही. आपलंच काही चुकलं असं ती आधीच धरून चालते. मी म्हणालो, असू दे. एवढंच म्हणालो, असू दे.

३० एप्रिल, गुरुवार
समजलं.

सकाळी नऊही मशिनी एकदम सुरू केल्या, नमुना पेपर उघडला. तिसऱ्या मिनिटाला तेच. एक उरली, आठ गेल्या. एकटी चालवली की हवा तितका वेळ चालते. तपासणीत पर्यवेक्षकांनी एकेक करूनच पाहिल्या होत्या.

भास्करला फोन.

"नावं बदलले रे तू, पण आतला ओळखनंबर? नक्कल उतरवायच्या आधी तो पुसा लागते. नाहीतं नवही मशिनी एकच नंबर सांगतेत. सॉफ्टवेअरले वाटते एकच मशीन आहे, ते जुना पेपर जमा करून टाकते. सांगतलं होतं ना तुले. लिहून घेतलं होतं तू."

तो उताऱ्याच्या पाठीवरचा कागद शोधला. सापडला. माझ्याच अक्षरात : 'मग आतला नंबर पुसणे.' त्याच्या खालची ओळ : 'मग नक्कल काढणे.' भिंतीवर लॅमिनेट केलेल्या कागदात नंबर पुसण्याची ओळ नाही. दोन्ही ओळी 'मग'ने सुरू होतात, डोळा वरून खाली घसरला. कागदावर बारा ओळी, भिंतीवर अकरा.

तीस वर्षं पोरांना सांगतोय, ओळीखाली पट्टी ठेवा, सारखा शब्द आला की डोळा उडी मारतो. गाळलेल्या ओळीचे सगळे गुण कापतो मी. लॅमिनेशन फाटत नाही हो, कात्रीने कापावं लागलं.

१ मे, शुक्रवार
झेंडावंदनाला गेलो नाही.

नियम काढून वाचला. केंद्राच्या यंत्रात बिघाड होता असं केंद्रप्रमुखाने दहा दिवसांत लेखी, कारणासह कळवलं तर फेरपरीक्षा मिळू शकते. याच महिन्यात. दहा दिवस म्हणजे सात तारीख. केंद्रप्रमुख मी. कारणासह म्हणजे जुन्या मशिनी, पात्रता गाळून बसवलेलं अकरा, खोटं हमीपत्र, खोटा अहवाल. क्लासची मान्यता जाणार, हे सांगायला वकील नको. आणि मला दुसरं काही येत नाही.

बाकीचे सात जण कॉलेजातले, सहा महिन्यांनी बसतील. वैशालीला सहा महिने नाहीत.

पुष्पाला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "सही करतानी आठवण नाही आली तिची?" नाही आली. तेव्हा फक्त माझी आली.

४ मे, सोमवार
पत्र तीनदा टाईप केलं. तिन्ही वेळा मशीन दोषी आणि मी हजर सुद्धा नाही. 'काही तांत्रिक कारणास्तव.' सरकारी मराठी किती सोयीची आहे! तिन्ही फाडली.

वैशाली रोज येते. आज गती एकवीस. प्रत्येक कळ दाबण्याआधी ती थांबते आणि करंगळीकडे पाहते. मी आत जाऊन पाणी प्यायलो. बाहेर येऊन 'छान' म्हणालो. मला माझी लाज वाटते.

चौथं पत्र दोन पानी झालं. हमीपत्रासकट सगळं लिहिलं. हाताने लिहिलं.

५ मे, मंगळवार, अकोला
पुन्हा एसटीने. परीक्षा कार्यालयात टेबलामागे एक वयस्क बाई. पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं, आवाज खाली आणला.

"सर, दुसरं पान काढून घ्या ना. नुसता बिघाड लिहा. काहून स्वतःच्या पायावर धोंडा पाडून राहिले?"

"मग फेरपरीक्षा मिळेल?"

"ते कसं सांगू? बिघाडाचा पुरावा मागतेत. आन पुरावा तं..." त्यांनी दुसऱ्या पानावर बोट ठेवलं.

मी एसटी स्टँडपर्यंत गेलो. हो, पत्र घेऊन. रसवंतीवर बसलो, ग्लास तसाच ठेवून परत आलो. दोन्ही पानं दिली. पोच घेतली. निर्णय साहेब घेणार. साहेब सोमवारपर्यंत रजेवर.

भास्करकडे गेलोच नाही. त्याचं नाव पत्रात नाही.

६ मे, बुधवार
सातच्या बॅचला बाकीच्यांना लवकर सोडलं. वैशालीला बसवून सगळं सांगितलं. गाळलेली ओळ, एकच नंबर, दोन्ही सह्या. पोच दाखवली. फेरपरीक्षा मिळेलच असं नाही, हेही सांगितलं.

तिने पोच हातात घेतली पण वाचली नाही.

"म्हंजे माहं बोट नोतं चुकलं?"

"नाही."

"गती बराबर होती?"

"चांगली होती. मी ऐकत होतो."

तिचा चेहरा उजळला. मी तो पाहत होतो आणि मला वाटलं, सुटलो. मग ती थांबली.

"तुमाले कधी समजलं सर?"

"गुरुवारी."

तिने बोटांवर मोजलं. गुरुवार, शुक्रवार, शनिवार.

"सहा दिवस झाले. सहा दिवसापासून मी पोरीले सांगून राहिली, आई तुई ढ आहे मनून. ते मले रोज समजावते, आई तू नको रडू." आवाज चढला नाही तिचा. "काहून नाही सांगतलं सर?"

भीत होतो, म्हणालो. दुसरं काही नव्हतंच.

तिने पोच टेबलावर ठेवली, पर्स उचलली. उद्या येशील का, हे मी विचारलं नाही. जिन्यावरून तिच्या चपलांचा आवाज रस्त्यापर्यंत गेला. साहेब सोमवारी येतील.