खोकला नसलेलं गाव

मुखेड, ११ जानेवारी १९९८

ती. सौ. महादेवीअक्कास,
शिवमूर्तीचा सा. न. वि. वि.

तुझ्या खानावळीतल्या पोरांच्या परीक्षा जवळ आल्यात, तुला वेळ नसणार, तरी लिहितो. आरोग्याच्या सर्वेचं काम मिळून महिना झाला. लहान लेकरांना खोकला, धाप किती, आणि आयांना गावच्या दवाखान्याबद्दल काय वाटतं, एवढंच घरोघर विचारायचं. वय विचारलं तर वर्ष कोणालाच सांगता येत नाही, पण लेकरू भूकंपाच्या अलीकडचं की पलीकडचं हे सगळ्यांना पक्कं ठाऊक असतं.

अडचण अशी, की एका अख्ख्या गावात मला खोकणारं लेकरू सापडलं नाही. दवाखान्यावरही सगळ्या बाया समाधानी. आमचं काम तपासणाऱ्या मॅडमनी कागद चाळले आणि विचारलं, की भर थंडीत असं गाव कुठं असतं, मी घरी बसून तर भरलं नाही ना. मी शपथेवर सांगितलं, की प्रत्येक घरी जाऊन आलो. त्यांनी पंधरा दिवस दिलेत. पुन्हा असंच आलं तर काम दुसऱ्याला देणार.

मी तू शिकवलंस तसाच वागतो. इस्त्रीचा शर्ट घालतो, चप्पल बाहेर काढतो, आधी आपलं आडनाव, गाव, आजोळ सांगतो. मग घरात माणसं किती, चूल की स्टोव्ह, कोणाला काही आजार आहे का, हे विचारतो. लोक फार चांगले आहेत. बऱ्याच घरी पोहे झाले, एका घरी तर पुरणपोळी. चुकतंय कुठं ते तूच सांग. मला झोप लागत नाही.

दाजींना नमस्कार. रागावून का होईना, उत्तर लिही.
तुझा,
शिवमूर्ती


लातूर, १५ जानेवारी १९९८

चि. शिवमूर्तीस,
अक्काचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र भाजी चिरताना वाचलं आणि हसण्याच्या नादात बोट कापून घेतलं. डॉक्टर व्हायला निघालेली पन्नास पोरं रोज माझ्याकडं जेवतात, शिकवण्यांपायी अर्धी तर जेवताना पेंगतात, पण तुझ्याएवढं भोळं त्यात एकही नाही.

अरे येड्या, बिनलग्नाचा पोरगा कडक शर्ट घालून दारात येतो, आडनाव-आजोळ सांगतो, घरात माणसं किती नि आजार कोणते म्हणून चौकशी करतो, तर लोक काय समजतील? तू मुली बघत फिरतोस असं समजले ते. लग्नाची पोर असलेल्या घरात धाप लागणारं लेकरू आहे, हे कोण कबूल करेल? घराण्यात दमा आहे म्हणून बोभाटा व्हायचा. तू आलास की खोकणारी लेकरं शेजारी नेऊन बसवली असतील. दवाखान्याला नावं ठेवणारी सासू तरी कोणत्या पाव्हण्याला आवडते? मी तुला सोयरिकीच्या घरी कसं वागावं ते शिकवलं होतं, तू तेच नोकरीला लावलंस.

आता एवढं कर. बसायच्या आधीच सांग, की माझं लग्न ठरलंय. मग बघ.

दाजी हसून हसून बेजार आहेत. वेळेवर जेव. माझी माया आहे तिथंच आहे.
तुझी,
अक्का


मुखेड, ३० जानेवारी १९९८

ती. सौ. अक्कास,
सा. न. वि. वि.

तू सांगितलंस तसं केलं. खोटं बोलताना कान तापले, पण पहिल्याच घरी पोहे बंद झाले, चहा पातळ झाला आणि दुपारपर्यंत सगळं गाव खोकायला लागलं. दवाखान्याबद्दल तर लिहायला जागा पुरेना. एक बाई म्हणाली, की डॉक्टर लेकराच्या छातीला हातही न लावता गोळ्या देतो. तिची जाऊ म्हणाली, की तुला निदान डॉक्टर दिसला, आम्ही लई वेळा कुलूपच पाहून आलो.

मग गंगम्मा नावाच्या म्हातारीकडं गेलो. घरात लहान लेकरूच न्हाई, असं तिनं आधी सांगितलं होतं. या वेळी पणतू तिच्या मांडीवर होता आणि श्वास घेताना त्याच्या बरगड्या आत ओढल्या जात होत्या. असं दिसलं की कागद बाजूला ठेवायचा, हे मॅडमनी आम्हांला शिकवलंय. मिळाली ती जीप पकडून त्याला नांदेडला नेलं. न्यूमोनिया निघाला. वेळेत आणलं म्हणाले. आता तो घरी आहे आणि ओरडून गल्ली डोक्यावर घेतो. माझ्या पहिल्या फेरीला त्याला शेजारच्या न्हाणीत बसवलं होतं, हे मला नंतर कळलं.

मॅडमनी नवे कागद पाहिले. काम राहिलं. पुढं लोह्याकडची गावं दिलीत.

काल गंगम्माला शेवटचा प्रश्न विचारायला गेलो, की उपचारावर समाधानी आहात का. ती म्हणाली, की नांदेडच्या दवाखान्यावर ती समाधानी हाय, माझ्यावर न्हाई. घरात लग्नाची नात असताना असा पोरगा दुसऱ्या कुणी आधीच धरून ठेवला, याचा तिला राग आलाय. सांगितलं तेच लिहायचं असा नियम आहे, म्हणून मी तसंच लिहून दिलं.

ती नात म्हणजे शिवकांता. त्या दिवशी जीपमध्ये भाच्याला छातीशी धरून तीच बसली होती, आणि सगळी वाट मलाच धीर देत होती. माझं लग्न ठरलेलं नाही, हे त्यांना सांगायला माझी जीभ रेटली नाही. युक्ती तुझी होती, तेव्हा निस्तरायलाही तूच ये. पोरांना एक दिवस बाहेर जेवू दे.

लोभ आहेच, पण या वेळी नुसत्या लोभानं भागणार नाही.
तुझा,
शिवमूर्ती