तुझ्या नावाची बोली

आये,

तुझं नाव गेल्या आठवड्यात लिलावात निघालं होतं. दचकू नकोस, घरावर जप्ती वगैरे आलेली नाही. घर आहे, मागची विहीर आहे, तुझी खानावळ चालू आहे, आणि पुढच्या दोन खोल्या मी आता पर्यटकांना देते. पण हे लिलावाचं प्रकरण तुला कसं समजावून सांगायचं ते कळत नाही, कारण ते मलाच अजून नीट कळलेलं नाही. तू होतीस तेव्हा फोन करायचा तर पोस्टात जावं लागायचं. आता लोक घरातून निघायच्या आधी फोनवर आपली खोली बघतात, पंखा बघतात, संडास बघतात, आणि पसंत पडलं तर येतात. त्यासाठी इंटरनेटवर आपल्या खानावळीची एक साइट आहे. तिला पत्ता म्हणून एक नाव लागतं, अख्ख्या जगात एकालाच मिळणारं. मी तुझं नाव दिलं. सासरचं नव्हे, ते फक्त रेशनकार्डाला माहीत होतं. किनारा तुला ज्या नावानं हाक मारायचा ते, माहेरचं. दारावरच्या पाटीवरही तेच आहे.

गंमत अशी की असलं नाव कायमचं विकत मिळत नाही. दर वर्षी पैसे भरून ते नवं करून घ्यावं लागतं. कुडाळच्या ज्या कॉम्प्युटरवाल्यानं आपली साइट बनवली, त्यानं नाव स्वतःच्या खात्यावर घेतलं होतं. मुदत संपत आल्याचे निरोप त्याच्या जुन्या मेलवर जात राहिले. तो नव्या दुकानाच्या गडबडीत होता आणि मला तर असे निरोप येतात हेच ठाऊक नव्हतं. मुदत टळली, वाढीव मुदतही टळली. मग एका सकाळी पुण्याहून तुझ्या नातीचा फोन आला. दादाची मुलगी ही, तू तिला पाहिलेलं नाहीस. म्हणाली, "आत्या, आजीचं नाव लिलावात आहे." मी म्हटलं, "आजीचं नाव कोण कशाला विकत घेईल?" तर म्हणाली, मोकळी पडलेली नावं उचलणारे लोक असतात, कारण त्या पत्त्यावर आधीपासून येणंजाणं असतं. "मग तिथे जुगाराची साइट टाकतात, आत्या. नाहीतर त्याहून घाण."

मी आडाळ्यावर नारळ खवत होते, ती खवतच राहिले. कोणी तुझ्या नावावर बोट टेकवणार आणि आत जुगार उघडणार. तू तर बाबांनाही घरात कधी पत्ते पिसू दिले नाहीस. मला इतका राग आला की खोबऱ्याबरोबर करवंटीही खरवडली गेली आणि दुपारच्या कढीत तिचे कण लागले. त्याच वेळी ठरवलं, काय वाट्टेल ते होऊ दे, नाव सोडायचं नाही. पुढचा सगळा गोंधळ झाला तो 'सोडायचं नाही म्हणजे करायचं काय' यावर.

लिलाव म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे आपला किनारा येतो. सकाळची वेळ आहे, होड्या लागल्या आहेत, वाळूवर बांगड्यांचे ढीग पडलेत आणि पुकारणारा मधोमध उभा राहून ओरडतोय. सगळ्या बायका ढिगावर वाकल्या आहेत, आणि तू मात्र भलतीकडे, समुद्राकडे बघत उभी आहेस. मी तुझ्या शेजारी चुंबळ हातात घेऊन, बांगडे किती ताजे आहेत ते मान लांब करून बघते. तू माझ्या दंडाला असा चिमटा काढतेस की डोळ्यांत पाणी यावं. "माशाकडे बगूक नको गो! बगलंस काय दर वाडता." तू तोंडानं बोली कधी लावली नाहीस. नुसता ओचा सारखा करायचीस आणि पुकारणाऱ्याला कळायचं. तेही 'दोन वार' म्हणून झाल्यावर. तुझ्या बोलीवर चढायची ती एकच बाई, शेजारची काकी. तुम्ही दोघी रोज किनाऱ्यावर हमरीतुमरीवर यायचात आणि संध्याकाळी एकमेकींकडे विरजण मागायचात.

तेव्हा मला वाटलं, मी तुझी लेक, लिलाव काय तो मी बघून घेईन. पण या लिलावात समुद्र नाही, ढीग नाही, समोर तोंडं नाहीत. एक पान असतं, त्यावर तुझं नाव, खाली दर, आणि उलटं पळणारं घड्याळ. कुडाळवाला, बिचारा चूक त्याची म्हणून रोज फोन करायचा, तो म्हणाला, "ताईनू, आदी तोंड उघडूक नको. तुमका व्हया आसा ह्यां दिसलां की दुसरे धावतले. अगदी शेवटाक घाला." हे मला पटलं, तुझंच शास्त्र होतं ते. पण तुझी नात म्हणाली, "आत्या, शेवटच्या पाच मिनिटांत कोणी बोली लावली की लिलावाची वेळ आपोआप वाढते. टपून बसण्यात काही अर्थ नाही. तुला जास्तीत जास्त किती द्यायचेत तो आकडा एकदाच टाक आणि झोप. मशीन तुझ्यासाठी लागेल तेवढंच चढत जाईल." म्हणजे माझा शेवटचा आकडा मी आधीच मशीनच्या कानात सांगायचा, आणि ते कोणाला सांगणार नाही असा भरवसा धरायचा. तू तुझा शेवटचा आकडा बाबांनासुद्धा कळू दिला नाहीस. शिवाय गोल आकडा टाकायचा नाही, थोडा वाकडा टाकायचा, कारण सगळे गोलच टाकतात, असंही ती म्हणाली. एक म्हणतो गप्प बस, दुसरी म्हणते सगळं आत्ताच सांगून टाक. दोघंही बरोबर बोलतायत असं वाटायचं, हीच अडचण होती.

आणि त्या पानावर एका कोपऱ्यात लिहिलेलं असायचं: चार जण नजर ठेवून आहेत. आये, या चौघांनी माझं जेवण गोड लागू दिलं नाही. कोण असतील? बोली कोणीच लावत नव्हतं, नुसते बघत होते. तुझ्यासारखे असतील, दोन वार होईपर्यंत गप्प राहणारे. मी सारखं पान उघडून बघायची, चाराचे पाच तर झाले नाहीत ना. तुझा चिमटा आठवायचा आणि तरीही बघायची. सोलकढीत मीठ दोनदा पडलं. मुंबईच्या एका पाहुण्यानं विचारलं, घरात कोणी आजारी आहे का. काय सांगू त्याला? आईचं नाव शेवटच्या घटका मोजतंय म्हणून सांगू?

त्या चौघांचा विचार करताना मला तो दिवस आठवत राहिला. बाबा गेल्यानंतर तू पहिल्यांदा किनाऱ्यावर गेलीस तो. मी बरोबर होते. पुकारणारा दर बोलला, तू ओचा सारखा केलास, आणि सगळा किनारा गप्प झाला. एकही बाई चढली नाही. काकीसुद्धा नाही, ती खाली मान घालून उभी राहिली. मला लहानपणी ते छान वाटलं होतं, की बघा, लोक किती चांगले आहेत, आमची पाटी आज स्वस्तात मिळणार. पुकारणाऱ्यानं "एक वार" म्हटलं, "दोन वार" म्हटलं, आणि तू तोंड उघडलंस. भर किनाऱ्यावर, मोठ्यानं.

"आनी धा."

पुकारणारा गडबडला. "गो, वरती तुझीच बोली आसा. तुझ्यावर तूच चडतंस?"

"व्हय. माझी मीच चडतंय. पुकार."

कोणीतरी हसलं. पुकारणाराही हसला आणि त्यानं दहानं वाढलेला तुझा दर पुकारला. मला इतकी लाज वाटली की चुंबळ तोंडावर धरावीशी वाटली. घरी येऊन तू पाटी दाणकन ठेवलीस, चूल पेटवलीस, आणि बांगड्यांचे कल्ले ओढताना एवढंच म्हणालीस, "गप रवलेल्यांची मेहेरबानी माका नको." दुसऱ्या दिवशी काकी तुझ्यावर पुन्हा चढली, माल महाग पडला, आणि तू सगळ्या वाटेनं खुशीत बडबडत घरी आलीस. मला त्यातलं काहीही समजलं नव्हतं. पण काकीशी तू त्यानंतर कधी मोकळेपणानं बोलली नाहीस. विरजण मागायला मला पाठवायचीस.

लिलाव संपायचा दिवस. टपून बसायचं ठरवलं होतं, पण दुपारी ढग भरून आले, लाइट जाईल, रेंज जाईल या भीतीनं मी कुडाळवाल्याचंही ऐकलं नाही आणि धड नातीचंही नाही. मध्येच कधीतरी माझा वाकडा आकडा टाकून मोकळी झाले. आकडा सांगत नाही, तू ओरडशील. मशीननं त्यातला फक्त पहिला, सुरुवातीचा दर घेतला आणि बाकीचा आपल्यापाशी ठेवला. मग मी स्वयंपाकघरात पाटावर बसून घड्याळाकडे बघत राहिले. पाहुणे दुपारचं जेवून झोपले होते. ते चौघं आता उठतील, आता उठतील, असं करता करता घड्याळ संपलं. कोणी उठलंच नाही. तुझं नाव मला पहिल्याच दरात मिळालं. एका वेळच्या सुरमईच्या थाळ्यांएवढेही पैसे झाले नाहीत.

लगेच नातीचा फोन, "आत्या, मिळालं! मी मघापासून बघतेय. बाबापण बघतायत ऑफिसातून." मग कुडाळवाला, "ताईनू, मी पण हंयसून बगी होतंय, जीव नुसतो टांगणीक." मी हिशेब घातला. नात, दादा, कुडाळवाला, आणि चौथी मी. जगभरातून तुझ्या नावावर डोळा ठेवून बसलेले चौघंच्या चौघं घरचे निघाले. त्यांच्याशी लढायला मी इतके दिवस कंबर कसून बसले होते. खूप हसले मी. मग रडायला आलं, आणि ते का हे मात्र धड सांगता येईना. नाव वाचलं, पैसे वाचले, जुगारवाला फिरकला नाही. मग वाईट कशाचं वाटलं? तर याचंच वाटलं बहुतेक, की तुझं नाव कोणालाच नको होतं. एवढं माझ्या आईचं नाव, आणि एकसुद्धा माणूस चढला नाही. कोणी घेऊ नये म्हणून मी देव पाण्यात घालून बसले होते, आणि कोणी घेतलं नाही म्हणून मला राग आला. असं कोणाला सांगितलं तर वेड्यात काढतील, म्हणून तुला सांगते.

दुसऱ्या दिवशी काकीकडे गेले. आता ती पडवीत बसून असते, कमी ऐकू येतं, दात एकही नाही. तिला थेट विचारलं, "काकी, बाबा गेल्यार आये पयल्यांदा किनाऱ्यार इली, त्या दिसा तू कित्याक गप रवलंस?" तिला दोनदा ओरडून सांगावं लागलं. मग ती बोळक्या तोंडानं हसली. "माझी दाढ ठणकत होती गो. तोंड उघडूक येय नाय होतां. बाकीच्यो माका बगून गप रवल्यो आसतल्यो."

"मगे आयेक कित्याक सांगलंस नाय?"

"तिणां माका इचारलां खंय? रागान बगल्यान, मगे मी पण रागान बगलंय."

मी कपाळावर हात मारला. म्हणजे जन्मभराचा अबोला एका दाढेपायी? पण घरी येताना वाटेत वाटलं, दाढ खरी कशावरून? तुला मेहेरबानी नको होती हे काकीला तेव्हाच कळलं असणार. मग ती झाकायला तिनं ही दाढ नंतर शोधून काढली नसेल कशावरून? परत जाऊन विचारावं म्हणून वळलेही, आणि पुन्हा घराकडे फिरले. ती खरं सांगेल असं वाटत नाही, आणि सांगितलं तरी मला ओळखता येईल असंही वाटत नाही.

तुझ्या नातीनं आता त्या नावावर एक मेलचा पत्ताही काढून दिलाय. म्हणजे तुझ्या नावानं पत्र टाकलं तर ते खरोखर पोचतं. फक्त ते माझ्याच फोनवर वाजतं. एकदा रिकामंच पाठवून पाहिलं. ताटं मांडता मांडता खिशात टिंग झालं आणि मी ताट हातात घेऊन दाराकडेच गेले. म्हणून हे पाठवत नाही. इथेच राहू दे.

एक मघाशी सांगायचं टाळलं. लिलावाची शेवटची मिनिटं चालू होती, कोणी येत नव्हतं, आणि तुझं नाव पहिल्याच दरावर तसंच पडून होतं. ते मला बघवेना. मी माझ्याच आकड्यावर आणखी मोठा आकडा टाकला. मशीननं तो निमूट घेतला, पण दर होता तिथेच, वेळही वाढली नाही. खाली अक्षरं आली की सर्वांत वरची बोली तुमचीच आहे. मी पुन्हा टाकला. पुन्हा तेच. तुझ्या वेळी पुकारणारा हसला तरी होता, आणि त्यानं पुकारलंही होतं. इथे कोणीच नव्हतं. मग मी फोन पालथा ठेवला आणि रिकाम्या स्वयंपाकघरात मोठ्यानं म्हटलं, "आनी धा."