उंबरठ्याचं टेबल

११ जानेवारी
विकतचं सुतारी टेबल घेणार नाही! दुकानदाराने किंमत सांगितली, मी फोन ठेवला. चार पाय आणि वर फळ्या — त्याला एवढे पैसे? मी बी.एस्सी. झाले आहे, एमआयडीसीत अख्खी लॅब सांभाळली आहे. एक टेबल जमणार नाही?

पायलसाठी हवं आहे. सासरहून परत आली तेव्हापासून पोरगी नुसती बसून असते. काही विचारलं तर 'हं'. इथे खोटं कशाला लिहू — ती घरात आहे, पण आलेली नाही. डॉक्टर म्हणाले, हाताला काम द्या. लग्नाआधी लाकडाच्या किती वस्तू करायची! तिचा रंधा, करवत, पटाशी माळ्यावर तशीच आहेत.

१४ जानेवारी
आनंदनगरच्या एका कारखान्यातून मशीनच्या पॅकिंगची खोकी मिळाली. पाइनचं लाकूड. पाय आणि फळ्या त्याच्याच. खिळे उपटताना अंगठ्याचं नख गेलं. रडत बसायला वेळ नाही.

१७ जानेवारी
उल्हासनगर. पाडलेल्या घरांची दारं-खिडक्या विकणाऱ्या हितेशचं दुकान. टेबलाच्या कडेला जाड लाकूड हवं होतं, हातोडीचे घाव सोसणारं. कोपऱ्यात सागवानी उंबरठा दिसला. पावलांनी झिजून मध्ये खोलगट.

"मॅडम, ये ऐसाच ले जाव. पैसा नको."

का?

"दुसऱ्याच्या घरचा उंबरठा कोण लेता है? दरवाजा लेते, खिडकी लेते. ये नहीं."

लोकांचा मूर्खपणा, माझा फायदा! माझ्या वडिलांनी, अण्णांनी, छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हाच हळदकुंकू, उंबरठ्याची पूजा, सगळं सोडलं. मी कशाला भिऊ? रिक्षात घालून शिरगावला आणला.

२० जानेवारी
उंबरठा रंध्याने सपाट केला. सालपटं पिवळी निघाली — हळद पार आतपर्यंत मुरलेली. वास हाताचा जात नाही. पायल दारातून बघत होती.

२१ जानेवारी
पट्टी ठेवून पाहिली. मध्ये पुन्हा खोलगट. काल सपाट होता! ओल असेल लाकडात.

२५ जानेवारी
टेबल उभं राहिलं. डगमगत नाही. मागच्या पडवीच्या तोंडाशी आडवं लावलं, उंबरठ्याची कड अंगणाकडे. तिथे उभं राहिलं की उजेड चांगला. बाजूने एक माणूस जाईल एवढी वाट ठेवली आहे.

पायल अंगणात जाऊन त्याच्यापाशी उभी राहिली. कडेवरून हात फिरवला. आणि म्हणाली, "आई, तू इतकी कडक, खिळे आपणहून आत गेले असतील."

किती महिन्यांनी! मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी आपटली.

३० जानेवारी
टेबलापलीकडे असली की बोलते, चिडवते, गुणगुणते. चहाही टेबलावरूनच घेते. पडवीत पाऊल टाकलं की संपलं. पुन्हा 'हं'.

२ फेब्रुवारी
ठमाबाई भाजी घेऊन मागच्या दाराने आली. मी आतून पैसे पुढे केले. तिने टेबलावरून घेतले नाहीत, वळसा घालून आली.

"बाय, ह्यो उंबरा कुनाचा?"

"माझा. टेबल आहे ते."

"टेबल म्हटल्यानं काय व्हते? उंबरा मानूस वलखते. तुझी पोर बघ, भायेरच रेते."

"तुझी भेंडी जून आहे, आधी ती बघ," म्हटलं.

हसून गेली. माझ्या डोक्यातून मात्र ते जात नाही.

५ फेब्रुवारी
दुपारी अंगणात रंधा चालू होता. पायलचं गुणगुणणंही. चहा घेऊन गेले — कुणी नाही! टेबलावर ताजी पिवळी सालपटं. रंध्याचं पातं कोमट. आत आले तर पायल खाटेवर, भिंतीकडे तोंड करून. कपड्यांवर भुशाचा कण नाही.

"आत्ता बाहेर होतीस ना तू?"

"हं."

हं म्हणाली म्हणजे होती. विषय संपला.

८ फेब्रुवारी
ठमाबाईचं खरं धरलं तर तो उंबरठा माझ्या मुलीला बाहेर अडवतो आहे. मी असलं काही मानत नाही. पण कापून टाकायला काय जातं? टेबल तिच्यासाठी केलं, तिला घरात आणायला. अंगणात ठेवायला नाही!

सकाळी करवत लावली. फार जड गेलं. पायल पडवीत बसून बघत होती, नको म्हणाली नाही. तुकडे बंबात घातले. टेबलाला पाइनची कड बसवली.

नंतर पायल आपणहून स्वयंपाकघरात आली. ताट वाढून घेतलं. एकदाही अंगणाकडे पाहिलं नाही.

जमलं!

९ फेब्रुवारी
आत्ता, जेवताना, टेबलावर टकटक झाली. मग अंगणातून रडवेला आवाज — पायलचा.

"आई, उंबरठा का काढलास गं? आता मी आत कुठून येऊ?"

पायल माझ्यासमोर बसून जेवते आहे.